घरावर सोलर बसवायचंय? डीलरच्या आधी लाईटबिल काढून बसा

सध्या कोल्हापुरात कुठल्याही गच्चीवर चढून चारी बाजूला बघितलं की पाण्याच्या टाक्यांच्या मधनं काळे पॅनल दिसायला लागलेत. एकानं बसवलं की गल्लीत पहिला प्रश्न "कितीला पडलं?" आणि दुसरा "कुठल्या कंपनीचं?" हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आधी तीन गोष्टी घरात बसूनच बघायच्या, तुमचं बिल, तुमची गच्ची आणि मीटर कुणाच्या नावावर आहे ते. हे तीन नीट असलं तर साधं पॅनल पण वीस-पंचवीस वर्षं इमानानं काम करतंय, आणि हे नीट नसलं तर लई भारीतलं पॅनल घेऊन पण डोक्याला ताप. डीलर लोक उलट्या बाजूनं सुरू करतात, म्हणून मी या बाजूनं सांगतोय.

बिल घ्या. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो, त्यातले बारा महिन्यांचे युनिट जोडा. एका महिन्याचं बिल बघून ठरवू नका, मे महिन्याचं बिल बघितलं तर तुम्ही उगाच मोठी सिस्टीम घ्याल आणि डिसेंबरचं बघितलं तर लहान. समजा वर्षाचे २८०० युनिट झाले. आपल्याकडं १ किलोवॅटचं सोलर वर्षाच्या सरासरीनं दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतंय, म्हणजे वर्षाला साधारण १४०० युनिट. मग २८०० ला २ किलोवॅट बास झालं. आता डीलर म्हणणार, "तीनच घ्या साहेब, सबसिडी पूर्ण मिळते." त्याचं खोटं नाही, केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याच्या वर कितीही घेतलं तरी ७८,००० रुपये मिळतात. पण नीट बघा, तिसऱ्या किलोवॅटला फक्त १८,००० च मिळाले आणि चौथ्याला काहीच नाही. त्यामुळं सबसिडीसाठी साईझ वाढवायची नाही, वापर वाढणार असेल तर वाढवायची. येत्या वर्षात एसी घेणार, इलेक्ट्रिक स्कूटर घेणार (तिला एका फुल चार्जला तीन-चार युनिट धरा), गॅस कमी करून इंडक्शनवर जाणार, असं काही ठरलेलं असलं तर तीन घ्या, चांगलंच आहे.

जास्त का घ्यायचं नाही त्याचं कारण ३१ मार्च. नेट मीटरिंगमध्ये तुम्ही दिवसा जास्त तयार केलेली वीज लाईनला जाते आणि तेवढे युनिट तुमच्या खात्यावर जमा राहतात, पुढच्या महिन्यात वापरता येतात. पण हा हिशोब आर्थिक वर्षाचा आहे. ३१ मार्चला जे युनिट उरले त्याचे महावितरण पैसे देतंय, पण तुम्ही ज्या दरानं वीज घेता त्यापेक्षा बऱ्याच कमी दरानं. म्हणजे वीज विकून कमाई वगैरे विसरा. उलट यातनं एक फायद्याची गोष्ट निघते, मीटर मार्चअखेर किंवा एप्रिलात चालू झाला तर एप्रिल-मेच्या कडक उन्हातले युनिट साठून राहतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा आपल्याकडं आठ-आठ दिवस सूर्यच दिसत नाही तेव्हा, कामाला येतात. पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर येतं, काही दिवशी तर ३ किलोवॅटची सिस्टीम तीन-चार युनिटवर थांबते, तेव्हा डीलरला फोन करून भांडू नका, तो बिचारा तरी काय करणार.

अजून एक, "बिल झिरो" हा शब्द जरा जपून ऐका. स्थिर आकार राहतोच. आणि बचतीचा हिशोब करताना सगळे युनिट एकाच दरानं गुणू नका. घरगुती दर १०० पर्यंत वेगळा, १०१ ते ३०० वेगळा, ३०१ ते ५०० अजून वेगळा आणि त्याच्यावर सगळ्यात महाग. सोलर आधी वरचे महाग युनिट खातंय, मग खालचे स्वस्त. त्यामुळं महिन्याला ३५०-४०० युनिट जाळणाऱ्या घराचे पैसे चार-पाच वर्षांत फिटतात, आणि ज्याचं बिल ९० युनिटच्या पुढं कधी गेलंच नाही त्यानं जरा शांत डोक्यानं विचार करावा.

आणि हे सगळ्यात जास्त गैरसमजाचं, सोलर बसवलं म्हणजे लाईट गेली तरी घर चालू राहणार असं नाही!! योजनेतली नेहमीची सिस्टीम ऑनग्रिड असते, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेली. लाईन बंद झाली की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी वीज करणारा डबा) पण बंद होतो, भर दुपारी कडक ऊन असलं तरी. ते मुद्दाम तसं केलेलं आहे, कारण खांबावर वायरमन काम करत असताना तुमच्या घरातनं उलटा करंट लाईनमध्ये गेला तर त्याचा जीव जाईल. लाईट गेल्यावर पण पाहिजे असेल तर बॅटरीवाली हायब्रीड सिस्टीम लागते, ती बरीच महाग पडते आणि बॅटरी काही वर्षांनी बदलायला लागते. शहरात जिथं लाईट फार जात नाही तिथं माझ्या मते ऑनग्रिड आणि घरातला जुना साधा इन्व्हर्टर-बॅटरी तसाच ठेवणं हेच परवडतंय.

आता गच्ची. ३ किलोवॅटला साधारण २५० ते ३०० स्क्वेअर फूट जागा लागते. सध्या ५४०-५५० वॅटचे पॅनल चालतात, एक पॅनल साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद, वजन २८ किलोच्या पुढं, असे सहा बसले की ३ किलोवॅटच्या वर जातंय. जागा मोजताना टाकी, जिन्याचा टप, डिश, आणि गच्चीवर आधीपासून असलेला सोलर वॉटर हीटर हे सगळं वजा करा. बऱ्याच घरांत दक्षिणेची चांगली जागा हीटरनं आधीच धरलेली असते, मग तो हलवायचा का याचा निर्णय आधीच घ्या, प्लंबरचा खर्च त्यात धरा.

सावलीवर जरा थांबतो कारण इथंच लोक फसतात. पॅनल एकमेकांना ओळीनं जोडलेले असतात, त्यामुळं एका पॅनलवर नारळाच्या झावळीची सावली पडली तरी फटका त्या एकावरच थांबेल असं नसतं, आख्ख्या लाईनचा आऊटपुट पडू शकतो. आता गंमत बघा, कोल्हापूर साधारण १६.७ अक्षांशावर आहे, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच राहते. मेमध्ये डीलर गच्ची बघायला आला तर त्याला कुठंच सावली दिसणार नाही आणि तो "एकदम क्लिअर आहे साहेब" म्हणून जाणार. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बाराला पण दक्षिणेकडं कलून फक्त पन्नास अंशावर असतो. तेव्हा चार फुटी टाकीची सावली उत्तरेला दुपारीच तीन-साडेतीन फूट पडते आणि सकाळी नऊला, दुपारी चारला त्याच्या कितीतरी पुढं जाते. म्हणून दक्षिणेला काय उंच आहे ते बघा, शेजारच्याचा दुसरा मजला, त्याचा प्लॉट मोकळा असेल तर उद्या तो बांधणार आहे का, नारळ, आंबा, मोबाईल टॉवर. शक्य असेल तर थंडीत एका रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीचा फोटो काढून ठेवा. तेवढं थांबायचं नसेल तर मोबाईलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप आहेत, त्यात २१ डिसेंबर टाकून बघा.

तोंड दक्षिणेला आणि उतार पंधरा अंशाच्या आसपास, आपल्या गावाला एवढं बरोबर आहे. दक्षिण मिळत नसेल तर पश्चिम किंवा पूर्व पण चालतंय, थोडं कमी मिळेल. पार सपाट मात्र टाकू नका, पावसाचं पाणी आणि धूळ खालच्या कडेला साठून राहते.

स्ट्रक्चर उंच घ्यायचं का बुटकं? घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय हे ठरवू नका, खरंच सांगतोय. मार्च-एप्रिलमध्ये चटणीच्या मिरच्या, सांडगे, कुरडया कुठं वाळत घालायच्या हा प्रश्न पॅनल बसल्यावर निघाला तर रोज ऐकून घ्यावं लागतंय. सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर केलं तर खाली वावरता येतं, सावली होते आणि वरच्या खोल्या पण जरा थंड राहतात. पण उंच केलं की वारा जास्त घेतंय, आणि आपल्याकडचा वळीव माहितीच आहे, एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी असा सुटतोय की पत्रे उडून दुसऱ्या गल्लीत. त्यामुळं उंच स्ट्रक्चर असेल तर पाय जाड, मधे आडवे-तिरके सपोर्ट, आणि खाली काँक्रीटचे ठोकळे नुसते ठेवलेले नकोत, स्लॅबला अँकर बोल्टनं धरलेले पाहिजेत. बोल्ट मारल्यावर तिथं वॉटरप्रूफिंग करून घ्या, नाहीतर जुलैमध्ये बेडरूममध्ये ठिपकायला लागतंय.

उद्यमनगरात ओळखीचा फॅब्रिकेटर सगळ्यांचाच असतो आणि काम पण एक नंबर करतात, पण साधा एमएस (लोखंडी) अँगल आणून वरनं रंग मारलेलं स्ट्रक्चर आपल्या पावसात टिकत नाही, वेल्डिंगच्या जागी गंजतंय. हॉट डिप गॅल्व्हनाईज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं घ्या, कोटिंग ८० मायक्रॉनचं मागा, आणि नटबोल्ट स्टेनलेसचे. गॅल्व्हनाईज केल्यावर परत साईटवर वेल्डिंग नको, बोल्टिंगच पाहिजे.

कौलारू किंवा पत्र्याचं घर असेल तर पत्र्यावर क्लॅम्प मारून बसतंय, पण खालच्या कैच्या आणि वासे ते वजन पेलतील का ते आधी जाणकार माणसाला दाखवा. जुन्या पेठेतल्या घरांत तर नक्कीच.

कागदपत्रांचा विषय वरवर सोपा आणि आत हार्ड. मीटर अजून आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या नावावर, आणि पैसे भरणार नातू, हे आपल्याकडं घरोघरी आहे. सबसिडीचा अर्ज ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे त्याच्या नावानं जातो आणि पैसे त्याच्याच बँक खात्यात येतात. म्हणून आधी महावितरणमध्ये नावात बदल करून घ्या, मग पुढचं. बिलावरचं नाव, आधार आणि बँक पासबुक यातलं स्पेलिंग पण मिळतंजुळतं असू द्या, एक अक्षर इकडं तिकडं झालं की अर्ज तिथंच लटकतो. दोन भावांत घर असेल आणि गच्ची सामाईक असेल तर लेखी संमती आधी घ्या, पॅनल चढल्यावर मागायला गेलात तर मिळणार नाही. मागची थकबाकी असली तर ती पण भरून टाका. फ्लॅटवाल्यांचं वेगळं, तिथं गच्ची सोसायटीची, त्यामुळं लिफ्ट, मोटार, पार्किंगच्या लाईटच्या कॉमन मीटरवर सोसायटीनं बसवायचं, त्याला किलोवॅटला १८,००० रुपये सबसिडी आहे.

अर्ज पीएम सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर स्वतः करता येतो, फार अवघड नाही. राज्य, महावितरण, बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक, मोबाईल नंबर. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरीसाठी वेगळी वाट बघायला लागत नाही. फक्त लॉगिन तुमच्याच मोबाईल नंबरवर ठेवा, डीलर म्हणतो "मी करतो सगळं", करू दे की, पण ओटीपी तुमच्या फोनवर आला पाहिजे. पुढं कटकट झाली की अर्ज कुठं अडकलाय ते तुम्हालाच बघता येतं.

पैसे नसतील तर सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय देतात, व्याज पर्सनल लोनपेक्षा पुष्कळ कमी. सध्या ३ किलोवॅटचं कोटेशन साधारण पावणेदोन ते सव्वादोन लाखांच्या मधे येतंय, उंच स्ट्रक्चर असेल तर वरच्या बाजूला. सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरनं ५ टक्के झालाय, त्यामुळं कुणी जुन्या हिशोबानं कोटेशन देत असेल तर विचारा.

कोटेशन किमान तिघांकडनं घ्या आणि तिघेही पोर्टलच्या यादीतले पाहिजेत. नुसती खालची रक्कम बघू नका. पॅनल डीसीआर आहे का, म्हणजे आतले सेल पण भारतात तयार झालेले पाहिजेत, नाहीतर सबसिडी नाही. बिगर डीसीआर स्वस्त असतंय आणि काही जण कोटेशनमध्ये हे गाळतात, लेखी घ्या. पॅनल मोनो पर्क का टॉपकॉन (या सेलच्या दोन जाती), किती वॅटचे किती. टॉपकॉन गरमीत थोडं बरं टिकतंय. बायफेशियल म्हणजे मागनं पण उजेड घेणारं, ते उंच स्ट्रक्चर आणि खाली पांढरा रंग असेल तरच कामाचं. इन्व्हर्टरची वॉरंटी किती, ५ का १० वर्षं, आणि त्याचं सर्व्हिस सेंटर जवळ कुठं आहे. पॅनल बहुतेक सगळे नीट चालतात, बिघडतो तो इन्व्हर्टर. केबल तांब्याची, डीसी बाजूला, म्हणजे पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत, ४ स्क्वेअर एमएमची सोलर केबल. योजनेत पहिली ५ वर्षं देखभाल बसवणाऱ्यानं करायची असते, ते करारात लिहून घ्या. सगळे पैसे आधी देऊ नका, थोडे मीटर लागेपर्यंत हातात ठेवा. पैसे मिळाल्यावर फोन न उचलणारे सगळ्याच धंद्यात असतात.

बसवायचं काम दोन दिवसांत उरकतंय. त्या दिवशी घरात कुणीतरी थांबा. प्रत्येक पॅनलच्या मागच्या सिरियल नंबरचा फोटो घ्या, पोर्टलवर तेच जातात. अर्थिंग तीन वेगळे पाहिजेत, डीसीचा एक, एसीचा एक, आणि लाइटनिंग अरेस्टरचा (आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत नेणारा) एक. खर्च वाचवायला तिन्ही वायरी एकाच खड्ड्यात सोडणारे गडी आहेत, खड्डे मोजा. काळ्या मातीत अर्थिंग चांगलं मिळतं, टेकाडावरच्या मुरमाड जागेत मुश्किलीनं, तिथं मीटर लावून रीडिंग दाखवायला सांगा, ५ ओहमच्या आत असलं तर ठीक. केबल पाइपातनंच खाली आली पाहिजे, उघडी लोंबकळत नको, उंदीर आणि माकडं दोघांचा त्रास.

इन्व्हर्टर कुठं लावायचा यावर आपल्याकडं जास्त विचार करायला पाहिजे. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, नागाळा पार्क, जयंती नाल्याच्या काठानं कुठपर्यंत आलं होतं ते सगळ्यांना माहिती आहे. तुमच्या घराला पाणी लागलं असेल तर इन्व्हर्टर, डीसीडीबी, एसीडीबी (डीसी आणि एसी बाजूचे फ्यूज-स्विचचे बॉक्स) हे सगळं पहिल्या मजल्यावर जिन्यात घ्या, सावलीत आणि हवेशीर. आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, पुरात महावितरणनं लाईट बंद केली तरी पॅनलकडनं खाली येणारी डीसी लाईन दिवसा जिवंतच असते. सहा पॅनल जोडले की तीनशे व्होल्टच्या आसपास होतात, आणि उजेड आहे तोपर्यंत ते बंद करता येत नाहीत. पाणी चढायला लागलं की आधी इन्व्हर्टरचा एसी स्विच, मग डीसी आयसोलेटर (डीसी बाजूचा मेन स्विच) बंद करायचा, आणि भिजलेल्या बॉक्सला कुणी हात लावायचा नाही.

पॅनल बसले म्हणून लगेच चालू करायचं नसतं. बसवणारा पोर्टलवर माहिती भरतो, मग महावितरणचा माणूस येऊन बघून जातो, नेट मीटर लागतो, मग चालू. जुन्या मीटरवर चालू करून दिलं तर मीटर उलटा फिरेल असं कुणी सांगितलं तर करू नका, आजकालच्या काही मीटरात बाहेर गेलेली वीज पण वापरली म्हणून मोजली जाते आणि बिल वाढून येतं. चालू झाल्याचा रिपोर्ट पोर्टलवर चढला की बँकेचे डिटेल्स भरायचे, मग सबसिडी खात्यावर, साधारण महिनाभरात.

भर दुपारी कधी इन्व्हर्टर आपोआप बंद-चालू होत असेल तर स्क्रीनवरचा कोड बघा. गावाच्या कडेला लाईनचं व्होल्टेज दुपारी वाढतंय आणि मर्यादेच्या वर गेलं की इन्व्हर्टर स्वतःहून सुटतो. बिघाड इन्व्हर्टरचा नसतो, व्होल्टेजची तक्रार महावितरणकडं करायची.

धुण्याचं काय? पावसाळ्यात काहीच करायचं नाही. खरा त्रास गळीत हंगामात, ऊस पेटवलेल्याची आणि साखर कारखान्यांच्या चिमण्यांची काळी काजळी वाऱ्यानं गच्चीवर येऊन पडते, वाळत घातलेले कपडे काळे होतात ते माहितीच आहे, तीच पॅनलवर बसते. नोव्हेंबर ते मार्च पंधरा दिवसांनी एकदा धुवा. सकाळी उन्हाच्या आधी, तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो. नळाचं पाणी आणि मऊ मॉप, बास. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात आणि निघत नाहीत, साबण-निरमा पण नको. पॅनलवर पाय देऊन उभं राहायचं नाही, वरनं काच दिसते नीट पण आतले सेल चिरतात.

आता पहिलं बिल. इथं नव्वद टक्के लोक गोंधळतात. समजा सोलरच्या मीटरनं महिन्यात ३३० युनिट तयार झालेले दाखवले आणि बिलावर एक्स्पोर्ट फक्त २१०. मधले १२० चोरीला नाही गेले, दिवसा तुमच्याच फ्रिजनं, पंख्यानं, मिक्सरनं ते सरळ वापरले, लाईनला गेलेच नाहीत. रात्रीचे १५० युनिट इम्पोर्ट असतील तर २१० मधनं १५० वजा, ६० पुढच्या महिन्याला जमा, आणि बिलात फक्त स्थिर आकार आणि बारीकसारीक. हे आकडे दर महिन्याला एका वहीत लिहून ठेवा, नेट मीटरच्या दोन्ही रीडिंगचा फोटो तारखेसकट काढा. सुरुवातीच्या एक-दोन बिलांत एक्स्पोर्टचा रकाना रिकामा येतो कधी कधी, तेव्हा नुसतं बोलून उपयोग नाही, हे फोटो आणि अर्ज घेऊन सबडिव्हिजनला जायचं, पोच घ्यायची, पुढच्या बिलात दुरुस्ती होऊन येते.